पहिल्या श्वासाची तयारी

व्यापारी घरांत मुहूर्ताचे महत्त्व नव्याने सांगावयास नको. दुकानाचे उद्घाटन असो, वहीपूजन असो की नव्या वास्तूत प्रवेश, पंचांग उघडल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. अलीकडे या यादीत बाळाच्या जन्माचीही भर पडली आहे. सुनेचे सिझेरियन करावे लागेल असे डॉक्टरांनी आधीच सांगितलेले असते. मग ज्येष्ठ मंडळींच्या मनात सहज येते की, शस्त्रक्रिया करायचीच आहे तर ती उत्तम नक्षत्रावर का नको? ते नक्षत्र नेमके डॉक्टरांनी सुचविलेल्या तारखेच्या बारा दिवस आधी येते. सोनोग्राफीत बाळाचे हात, पाय, चेहरा, हृदयाचे ठोके सारे व्यवस्थित असते. बारा दिवसांनी असा काय फरक पडणार?

या प्रश्नाचे उत्तर बाळाच्या फुफ्फुसांपाशी आहे. हृदय तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून धडधडत असते. फुफ्फुसांवर मात्र जन्माच्या क्षणापर्यंत हवा घेण्याची वेळच आलेली नसते.

गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात, गर्भ तांदळाच्या दाण्याहूनही लहान असताना, त्याच्या अन्नमार्गाच्या नळीला पुढच्या बाजूने एक लहानसा कोंब फुटतो. हाच फुफ्फुसांचा आरंभ. कोंब लांबतो, त्याची श्वासनलिका होते आणि टोकाशी तो दुभंगतो. पुढे उजव्या शाखेला तीन व डाव्या शाखेला दोन उपशाखा फुटतात. म्हणूनच मोठेपणीही उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात. त्यानंतर प्रत्येक फांदीला पुन्हा दोन फांद्या, अशा रीतीने उलट्या वृक्षासारखी ही रचना वाढत जाते. सतराव्या आठवड्याच्या सुमारास हवा वाहून नेणाऱ्या सर्व मोठ्या-लहान नळ्यांचा आराखडा पूर्ण होतो. त्यांची लांबी-रुंदी पुढे वाढते, परंतु शाखांची संख्या आयुष्यभर तीच राहते.

मात्र या नळ्या म्हणजे केवळ रस्ते. प्राणवायूची देवघेव जेथे व्हायची ते पातळ भिंतींचे कोश आणि त्यांना बिलगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या यांची घडण त्यानंतर सुरू होते. चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास हवा आणि रक्त यांच्यामधील पडदा इतका पातळ होतो की, अत्यंत आधुनिक उपचारांच्या आधारे बाळ जगण्याची शक्यता निर्माण होते. त्याआधी यंत्रेही फारसे काही करू शकत नाहीत.

याच काळात फुफ्फुसांतील काही विशिष्ट पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ बनवू लागतात. त्याचे कार्य समजून घेण्यासारखे आहे. ओल्या पिशवीच्या दोन भिंती जशा एकमेकींना चिकटून बसतात, तसे आतून ओले असलेले हे सूक्ष्म कोश प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटू पाहतात. सर्फॅक्टंट त्या ओलाव्याचा ताण कमी करतो, म्हणून कोश थोडे उघडे राहतात आणि पुढचा श्वास सोपा होतो. तो नसेल, तर प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच कष्टाचा होतो आणि बाळ काही तासांत थकते. हा पदार्थ पुरेसा साठण्यास सामान्यतः पस्तिसावा आठवडा उजाडतो.

७ ऑगस्ट १९६३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला, अपेक्षित तारखेच्या सुमारे साडेपाच आठवडे आधी. वजन दोन किलोंहून थोडे अधिक होते; आज अशा बाळाविषयी डॉक्टर बहुधा निश्चिंत असतात. परंतु पॅट्रिक नावाचे ते बाळ श्वास न पुरल्यामुळे ३९ तासांत गेले. जगातील बलाढ्य सत्ताधीशाजवळ त्या दिवशी कोणताही उपाय नव्हता. गंमत म्हणावी की दुर्दैव, रोगाचे कारण तेव्हा ठाऊक झालेले होते. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी बॉस्टन येथे १९५९ मध्येच दाखवून दिले होते की, अशा बाळांच्या फुफ्फुसांत सर्फॅक्टंटची उणीव असते. उपचारास मात्र पुढे बराच काळ लागला. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी मातेला स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन गर्भातील बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व करता येतात हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गायीच्या फुफ्फुसांपासून तयार केलेला सर्फॅक्टंट थेट बाळांच्या श्वासनलिकेत सोडून यश मिळविले. आजही हे औषध मुख्यतः गाय किंवा डुक्कर यांच्या फुफ्फुसांपासूनच बनते. अहिंसेचा आचार पाळणाऱ्या कुटुंबाला अतिदक्षता विभागाच्या दारात, हातात संमतिपत्र असताना, ही गोष्ट प्रथमच कळते. त्या क्षणी बाळाचा जीव हाच एकमेव विचार असतो आणि तसाच असावा. परंतु अकारण लवकर प्रसूती करून ती वेळ ओढवून घेणे शहाणपणाचे नाही.

पस्तीस आठवडे उलटले म्हणजे धोका संपला, असे मात्र नाही. गर्भात फुफ्फुसे रिकामी नसतात. ती स्वतःच एक द्रव स्रवतात आणि त्याने भरलेली असतात. त्या दाबामुळेच त्यांची वाढ होते. बाळ पोटात श्वासासारख्या हालचालीही करते, पण तो केवळ सराव असतो. प्राणवायू वारेतून येत असतो. जन्माच्या वेळी हा द्रव हटून तेथे हवा यावी लागते. येथे प्रसूतिकळांचे महत्त्व आहे. कळा सुरू झाल्या की बाळाच्या शरीरात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी संप्रेरके वाढतात आणि त्यांच्या आज्ञेने फुफ्फुसे द्रव स्रवणे थांबवून तो शोषून घेऊ लागतात. कळांआधीच सिझेरियन झाले तर ही सूचना बाळाला पुरेशी मिळत नाही. परिणामी ते धापा टाकते, आणि आईच्या कुशीऐवजी त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागते.

डेन्मार्कमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. कळांपूर्वी ठरवून सिझेरियन केलेल्या बाळांपैकी, ३७ व्या आठवड्यात जन्मलेल्या शंभरांतील दहांना श्वसनाचा त्रास झाला. ३८ व्या आठवड्यात पाचांना आणि ३९ व्या आठवड्यात दोघांना. ‘बारा दिवसांनी काय होते’ याचा हिशेब एवढा स्पष्ट आहे. म्हणूनच वैद्यकीय कारण नसेल, तर ३९ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी सिझेरियन करू नये असे तज्ज्ञ सांगतात. त्यानंतरच्या दिवसांतही पंचांगात शुभ वेळा असतातच. आठवड्यांची मोजणी पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून पडताळलेली असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. याउलट, आईच्या किंवा बाळाच्या प्रकृतीसाठी डॉक्टरच लवकर प्रसूती सुचवीत असतील, तर मुहूर्तासाठी एक तासही थांबू नये.

जन्मानंतरही हे काम अपुरेच असते. नवजात बाळाजवळ काही कोटीच वायुकोश असतात. प्रौढाजवळ तीस ते पन्नास कोटी. बहुसंख्य वायुकोश पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात, आणि फुफ्फुसांची क्षमता विशीपर्यंत वाढत राहते. तेव्हा सर्व कोशांचा पृष्ठभाग पसरला तर तो सुमारे सत्तर चौरस मीटर, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांच्या सदनिकेइतका भरतो. तान्ह्या बाळाच्या नळ्या मात्र फार अरुंद असतात. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा विरोध सोळा पट वाढतो. म्हणून ज्या सर्दीने मोठ्यांचे केवळ नाक वाहते, तिनेच बाळाची छाती आत ओढली जाते. दोन महिन्यांखालील बाळ शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवून ओवा-बाळंतशेपांची धुरी देण्याची रीत अनेक घरांत आजही प्रेमाने पाळली जाते. दारे-खिडक्या लावलेल्या असतात, वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून. निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू त्या बंद खोलीत साठतो, आणि धूर ज्या नळ्यांत शिरतो त्यांची रुंदी काही ठिकाणी केसाएवढीच असते. आजीबाईंनी शेगडी अंगणात ठेवून बाळाचे कपडे तेवढे उबदार करून आणले, तरी उबेचा हेतू साधतो.