आडवाटेचे रूळ (लेखांक ६) : साडेनऊ किलोमीटरसाठी साडेपंचवीस

जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, स्वित्झर्लंडच्या हद्दीला जवळजवळ खेटून, ब्लुमबेर्ग नावाचं छोटं गाव आहे. या गावाच्या त्सोलहाउस स्थानकापासून खालच्या वाइत्सेन स्थानकापर्यंतचं अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर ९.६ किलोमीटर भरतं. रेल्वेनं गेलात तर तेच २५.६ किलोमीटर होतं. वाटेत चार मोठे पूल आणि सहा बोगदे लागतात. त्यातला एक बोगदा तर डोंगराच्या पोटात जवळजवळ पूर्ण वर्तुळ काढून बाहेर पडतो. असा वर्तुळाकार बोगदा जर्मनीत दुसरा नाही. या शाखामार्गाचं नाव वुटाख खोऱ्याची रेल्वे. तिथली माणसं मात्र तिला ‘झाउश्वेन्त्सलेबान’, म्हणजे डुकराच्या शेपटीची गाडी म्हणतात.

मागच्या लेखात आपण रोबेर्ट गेर्विगची ब्लॅक फॉरेस्टमधली मोठी रेल्वे पाहिली. डोंगर चढायचा असेल तर चढ वाढवू नका, वाट लांबवा, हे त्यानं तिथे करून दाखवलं होतं. वुटाखच्या खोऱ्यात याच विचाराचं टोक गाठलेलं दिसतं. प्रश्न एवढाच की इतक्या आडबाजूच्या, विरळ वस्तीच्या मुलखात हा खटाटोप कुणासाठी झाला?

आधी चढाचं गणित पाहू, कारण या मार्गाचं सगळं मर्म त्यात आहे. त्सोलहाउस आणि वाइत्सेन यांच्या उंचीत २३१ मीटरचा फरक आहे. रूळ सरळ टाकला असता तर ९.६ किलोमीटरमध्ये २३१ मीटर, म्हणजे सुमारे ४१ मीटरला १ मीटर असा उतार झाला असता. आपल्या बोरघाटात सर्वांत तीव्र चढ ३७ला १ आहे आणि तिथे कर्जतहून गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणजे सरळ रूळ टाकून इथे जवळपास बोरघाटच झाला असता. प्रत्यक्षात इथे १००ला १ पेक्षा जास्त चढ कुठेच येऊ दिलेला नाही.

एवढ्यानं किती फरक पडतो? ५०० टनांची गाडी घ्या. सपाटीवर, संथ वेगात, ती चालत ठेवायला दीड-दोन टनांची ओढ पुरते. १००ला १ चढावर गाडीच्या वजनाचा शंभरावा हिस्सा, म्हणजे आणखी ५ टन ओढावे लागतात. ४१ला १ चढावर हेच ओझं १२ टनांच्या वर जातं. १८८०च्या दशकातल्या वाफेच्या एका इंजिनाला पहिलं जमण्यासारखं होतं. दुसऱ्यासाठी एक तर जादा इंजिनं लावा, नाहीतर गाडी तोडून दोन खेपा करा.

उतरतानाची गोष्ट त्याहून गंभीर होती. त्या काळी जर्मन मालगाड्यांना सलग हवेचे ब्रेक नव्हते, ते १९२०च्या दशकात आले. तोवर ठरावीक वाघिणींवर छोट्या खोपटात ब्रेकवाले बसत आणि इंजिनाची शिटी ऐकून हातानं चाक फिरवून ब्रेक आवळत. पावसात, बर्फात, रात्री, उघड्यावर. अशा गाडीला तीव्र उतारावर सोडणं म्हणजे सगळ्यांचा जीव त्या हातांवर सोडणं. सौम्य उतार ही त्या माणसांच्या दृष्टीनं चैन नव्हती.

आता हा २३१ मीटरचा खड्डा मुळात आला कुठून? याचं उत्तर भूगोलात आहे, आणि मला ते या मार्गाच्या इतिहासाइतकंच विलक्षण वाटतं. फार पूर्वी आजच्या वुटाख नदीचं वरचं पाणी पूर्वेकडे, ब्लुमबेर्गच्या अंगानं वाहत डॅन्यूबला मिळत होतं. शेवटच्या हिमयुगात, ऱ्हाइनकडे जाणारा दुसरा प्रवाह मागे मागे डोंगर कोरत आला आणि त्यानं हे पाणी पळवलं. ऱ्हाइनची पातळी डॅन्यूबपेक्षा पुष्कळ खाली. त्यामुळे वळवलेल्या पाण्याला अचानक जोर आला आणि नदीनं खोल घळ कापून काढली. जुनं खोरं वर कोरडं राहिलं. आज त्या रुंद, प्रशस्त खोऱ्यातून ऐत्राख नावाचा क्षीण ओढा वाहतो. एवढा ओढा एवढं खोरं कोरूच शकत नाही, हे पाहताक्षणी कळतं.

रेल्वेला या दोन्ही खोऱ्यांशी गाठ घालायची होती. डॅन्यूबच्या बाजूनं ऐत्राखच्या सपाट खोऱ्यातून ब्लुमबेर्गपर्यंत येणं अगदी सोपं. ब्लुमबेर्गला आलं की पायाखालची जमीन संपते. खाली ऱ्हाइनकडून येणारा मार्गही असाच अडला होता. लाउखरिंगेनहून वुटाखच्या काठानं रूळ १८७५मध्ये श्ट्युलिंगेनला आणि १८७६मध्ये वाइत्सेनला पोहोचले. पुढची चढण आणि तिचा खर्च पाहून काम तिथेच थांबलं. दशकाहून अधिक काळ वाइत्सेन हे शेवटचं स्थानक राहिलं. खेड्यांतलं लाकूड, धान्य, थोडे प्रवासी एवढ्यासाठी पुढे जाणं बाडेनच्या सरकारी रेल्वेला परवडणारं नव्हतं आणि त्यात काही गैरही नव्हतं.

काम पुन्हा सुरू झालं ते सैन्यामुळे. १८७१च्या युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मन साम्राज्यात आला. फ्रान्सशी पुन्हा लढाई झाली तर दक्षिण जर्मनीतलं सैन्य उल्मच्या किल्ल्याकडून वरच्या आल्सासमध्ये झटपट नेता यावं, ही लष्करी मुख्यालयाची गरज होती. त्यासाठी ऱ्हाइनच्या काठानं जाणारी रेल्वे होती, पण तिच्यात मोठी अडचण होती. बाझेल आणि शाफहाउजेन इथे ती स्विस भूमीवरून जात होती. १८५२मध्ये बाडेन आणि स्वित्झर्लंड यांच्यात करार होऊन हा मार्ग बांधला गेला होता. व्यापाराला तो सोयीचा होता, पण युद्धकाळात तटस्थ देशातून सैन्य नेता येत नाही. म्हणून जिथे जिथे रूळ स्विस हद्दीत शिरत होते, तिथे तिथे जर्मन भूमीवरून वळसा काढायचं ठरलं. हेल्मूट फोन मोल्टके तेव्हा मुख्यालयाचा प्रमुख होता. खर्चाचा मोठा वाटा साम्राज्याच्या तिजोरीतून आला.

वुटाखचा मार्ग हा त्यातला शाफहाउजेनचा वळसा. घोडे, तोफा, दारूगोळा आणि माणसं भरलेली लांब, जड गाडी न तोडता, वाटेत इंजिन न बदलता पलीकडे गेली पाहिजे, ही अट होती. १००ला १ हा आकडा या अटीतून आला. तो एकदा ठरला की बाकी सगळं आपोआप ठरतं. पूल कुठे, बोगदा कुठे, गाव कुठल्या बाजूला सोडायचं, याचा निर्णय उतार घेतो.

याच बाडेन सरकारनं १८८७मध्ये फ्रायबुर्गजवळच्या ह्योलेनटालमध्ये दुसरी डोंगरी रेल्वे उघडली होती. तिचा चढ १८ला १, आणि त्या टप्प्यात रुळांच्या मधोमध दाते असलेली पट्टी टाकून इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवलेलं. गाड्या छोट्या, वेग संथ. पण खर्च आटोक्यात राहिला आणि गावांची सोय झाली. माझं स्पष्ट मत आहे की वुटाखच्या खेड्यांसाठी रेल्वे बांधायची असती, तर ती ह्योलेनटालसारखी झाली असती. स्थानकं गावांजवळ आली असती. तसं झालं नाही, कारण हा मार्ग त्या खेड्यांसाठी नव्हताच.

हे सगळ्यांत चांगलं दिसतं ते एप्फेनहोफेनला. खोलगट जागेत वसलेलं हे टीचभर खेडं आहे. रूळ त्याच्याभोवती घोड्याच्या नालासारखा मोठा फेरा घालतो आणि गावावरून २६४ मीटर लांबीच्या लोखंडी पुलानं पार जातो. पुलाची उंची ३४ मीटर, म्हणजे दहा-अकरा मजली इमारतीएवढी. खाली कौलारू घरं, गोठे, भाजीचे वाफे, आणि त्यांच्या डोक्यावर लोखंडी जाळीचे गर्डर. गाडीत बसलेल्याला तेच गाव आधी एका खिडकीतून दिसतं, मग दुसऱ्या, दर वेळी वेगळ्या उंचीवरून. इथे पुष्कळ प्रवासी जागा सोडून उठतात, कारण आपण पुढे चाललोय की मागे हेच कळेनासं होतं.

पुढे फ्युट्सेन आणि वाइत्सेन यांच्या दरम्यान श्टॉकहाल्डेचा तो वर्तुळाकार बोगदा लागतो. लांबी १७०० मीटर. एवढा प्रचंड दगड फोडून उंचीत पडणारा फरक फार तर १७ मीटर. बाजूला उतार हलका करायला जागाच नव्हती, म्हणून ती जागा डोंगराच्या आत काढली. १८८७ ते १८९० या तीन वर्षांत हे सगळं बांधून झालं आणि त्या कामावर इटलीहून आलेले मजूर मोठ्या संख्येनं होते. सुरुंग आणि पहारी घेऊन, खचणाऱ्या, दरडी कोसळणाऱ्या कडांवर त्यांनी हे केलं. पुढेमागे दुसरा रूळ टाकता यावा इतकी जागाही आधीच राखली गेली. तो दुसरा रूळ कधी पडलाच नाही. गेर्विग मात्र हे काम पाहायला नव्हता, तो १८८५च्या डिसेंबरमध्ये वारला होता.

२० मे १८९० रोजी मार्ग खुला झाला. त्यानंतरची कहाणी थोडक्यात सांगता येते, कारण ज्या वापरासाठी तो बांधला तो वापर जवळजवळ झालाच नाही. १९१४ मध्ये जर्मनीचं मुख्य सैन्य उत्तरेला बेल्जियममधून गेलं. १९१९मध्ये आल्सास फ्रान्सला परत गेलं आणि मुळातलं कारणच उरलं नाही. रोजच्या थोड्या पॅसेंजर आणि मालगाड्या तेवढ्या धावत राहिल्या. १९३०च्या दशकात ब्लुमबेर्गला लोहखनिजाची खाण निघाली. खनिज हलक्या प्रतीचं, पण शस्त्रसज्जतेच्या घाईत तेही हवं होतं, आणि रेल्वेनं ते सार खोऱ्यातल्या पोलाद कारखान्यांकडे जाऊ लागलं. शेतकऱ्यांचं खेडं बघता बघता खाणकामगारांचं गाव झालं. फ्रान्सच्या लोरेनमधलं चांगलं खनिज जर्मनीच्या ताब्यात आल्यावर १९४२मध्ये खाण बंद पडली. माणसं मात्र तिथेच राहिली होती. आजच्या ब्लुमबेर्गचा आकार त्या दशकानं दिलेला आहे.

युद्धानंतर १९५५मध्ये मधल्या वळणांच्या भागातली नियमित प्रवासी वाहतूक थांबली. मार्ग मोडीत निघायचा, पण शीतयुद्ध सुरू होतं. नाटोला हा वळसा कामाचा वाटला आणि १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात पूल-बोगद्यांची मोठी दुरुस्ती झाली. सैन्यानंच बांधवून घेतलेला मार्ग पुन्हा एकदा सैन्याच्याच पैशानं तगला, तोही न वापरता. १ जानेवारी १९७६ला मधला भाग अधिकृतपणे बंद करण्यात आला.

इथे ब्लुमबेर्गच्या नगरपालिकेनं जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. बंद पडलेल्या मार्गाचे रूळ उचलून भंगारात जाणं ही तेव्हाची रीत होती. त्या दशकांत पश्चिम जर्मनीत किती फाटे असे नाहीसे झाले, हे या लेखमालेत आपण पाहत आलो आहोत. ब्लुमबेर्गनं जुन्या इंजिनांच्या प्रेमींना हाताशी धरलं आणि १९७७मध्येच त्सोलहाउस ते वाइत्सेन वाफेच्या गाड्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे मार्गच गावाच्या मालकीचा झाला. एवढ्याशा गावानं चार मोठे लोखंडी पूल अंगावर घेणं म्हणजे काय, हे ज्याला दर काही वर्षांनी असा पूल खरवडून रंगवावा लागतो त्यालाच कळेल. त्सोलहाउस स्थानकावर रुळांच्या डोक्यावर आडवी उभी असलेली सिग्नल केबिन आहे. तीही कॉन्स्टान्त्सहून आणून इथे पुन्हा उभारलेली. २०१४मध्ये अभियंत्यांच्या राष्ट्रीय संस्थेनं या मार्गाला स्थापत्यकलेचा ऐतिहासिक मानबिंदू म्हणून गौरवलं.

वरच्या बाजूचं सांगायचं राहिलं. इमेनडिंगेनकडून ब्लुमबेर्गपर्यंतच्या सोप्या टप्प्यावर प्रवासी गाड्या १९६७मध्ये थांबल्या होत्या. २००४च्या डिसेंबरपासून तिथे स्थानिक डिझेल गाड्या पुन्हा सुरू झाल्या, आणि त्यातून शाळेची मुलं आणि कामावर जाणारी माणसं रोज प्रवास करू लागली. त्याच्या एकशे चौदा वर्षं आधी सैन्यासाठी टाकलेल्या रुळाला खेड्यांचं काम असं लागलं.

मधल्या भागातल्या पर्यटक गाड्या उन्हाळी मोसमात धावतात. हिवाळ्यात बोगद्यांमध्ये वटवाघळं झोपायला येतात. थंडीतही गाड्या चालवाव्यात की त्यांना तिथे निवांत राहू द्यावं, यावर बराच वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. रेल्वेनं बोगद्यांचा वापर कमी केला, तेवढ्या काळात त्यांनी तिथे बस्तान बसवलं होतं, आणि जर्मन कायदा त्यांच्या निवाऱ्याला संरक्षण देतो.

२० मे १८९० या एकाच दिवशी असे आणखी दोन लष्करी वळसे खुले झाले होते. त्यातला शोप्फहाइम ते झेकिंगेन हा मार्ग ३१६९ मीटर लांबीच्या बोगद्यातून जात असे. त्याला ब्लुमबेर्गसारखं गाव भेटलं नाही. १९७१मध्ये त्याच्यावरची प्रवासी वाहतूक बंद झाली. पुढच्या आठवड्यात त्याच्याविषयी.