महमुदी ते पौंड : बऱ्हाणपूरच्या बाजारातील दरांचा मागोवा

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला निघालेला व्यापारी बऱ्हाणपुरात पोचला की आधी सराफ गाठायचा. त्याच्या कमरेच्या कशात स्पॅनिश रियाल असत, गुजरातच्या महमुदी असत, मोगल रुपये असत. दक्षिणेतून आलेल्याकडे सोन्याचे होन. या सगळ्यांचा आपसातला भाव ठरवणारे सरकारी खाते नव्हते. भाव ठरे तो तराजूवर, कसोटीच्या दगडावर आणि रस्त्याच्या भीतीवर.

१६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांच्या ताब्यात गेला. बऱ्हाणपूर सुभ्याचे ठाणे झाले, इथल्या टाकसाळीत बादशाही रुपये पडू लागले. रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध चांदीचा. सुरतेकडचा व्यवहार मात्र बराच काळ महमुदीत चाले. गुजरातच्या सुलतानांचे हे नाणे पुढे बागलाणच्या राजांनी मुल्हेरच्या टाकसाळीत पाडले. शतकाच्या सुरुवातीला रुपयाला अडीच महमुदी मिळत, पुढे सव्वादोन. १६३८ मध्ये औरंगजेबाने बागलाण जिंकले, आणि त्यानंतर रुपयापुढे महमुदी मागे पडत गेली.

चांदी येत होती ती अमेरिकेतल्या खाणींतून. इंग्रज आणि डच जहाजे सुरतेला रियालांच्या पेट्या उतरवत आणि त्यातून कापड, नीळ खरेदी होई. रियालात रुपयाच्या दुपटीहून थोडी जास्त चांदी असे. त्यामुळे शंभर रियालांना दोनशे दहा-पंधराच्या आसपास रुपये मिळत. होनाला तीन ते चार रुपये पडत. बऱ्हाणपूरचे झिरझिरीत कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, इतकेच काय पोलंडपर्यंत जाते, अशी नोंद फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने केली आहे. ती चांदी या कापडाच्या मागे आली होती.

रुपया रुपयातही फरक असे. चालू सालाचा कोरा रुपया ‘सिक्का’, त्याच राजवटीतला आधीचा ‘चलनी’, मागच्या बादशहाचा ‘खजाना’. वजन तेच असले तरी जुन्याला बट्टा बसे. बादशहा बदलला की लोकांच्या गाठीचे रुपये एका दिवसात उतरत, आणि सराफांना तेजीचे दिवस येत. हे सराफ किती काटेकोर, ते ताव्हर्नियेने जवळून पाहिले होते. कसोटीवर सोने घासले की दगडावर राहिलेला कणही ते सोडत नसत. राळ आणि मेणाची गोळी त्यावर फिरवून कण टिपत, आणि काही वर्षांनी ती गोळी जाळून सोने काढत.

खरी कमाई हुंडीत होती. कापडाच्या खरेदीसाठी बऱ्हाणपुरात पैसे उचलायचे आणि दोन महिन्यांनी सुरतेला फेडायचे, अशी ही रीत. ताव्हर्नियेने सुरतेवरच्या हुंडणावळीचे दरही लिहून ठेवले आहेत : अहमदाबादहून शेकडा एक ते दीड, बऱ्हाणपूरहून अडीच ते तीन, आग्र्याहून चारहून थोडे जास्त, ढाक्याहून दहा. म्हणजे बऱ्हाणपुरात हजार रुपये घेतले की सुरतेला १०२५ ते १०३० मोजावे लागत. वरचे पैसे नुसते व्याज नव्हते. वाटेत माल लुटला गेला तर सावकाराचे पैसेही बुडत. त्या जोखमीची किंमत त्यात धरलेली असे. ती जोखीम पोकळ नव्हती. १६८१ च्या सुरुवातीला संभाजीराजांच्या फौजेने शहराबाहेरचा बहादूरपुरा लुटला, तेव्हा पेढीवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची अपार संपत्ती गेली.

अठराव्या शतकात हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आणि पुढे शिंद्यांकडे गेले. इथल्या रुपयावर तरीही मोगल बादशहाचेच नाव होते. शेजारचा खानदेश १८१८ पासून ईस्ट इंडिया कंपनीचा. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेनचा एकच रुपया चालू केला. बऱ्हाणपूर इंग्रजांकडे आले १८६० च्या सुमारास, आणि त्याच दशकात आगगाडी. आता मालाची वाट मुंबईची होती. दर ठरण्याची जागाही बदलली.

१८७० च्या दशकात जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, चांदी घसरली आणि तिच्याबरोबर पौंडाच्या तुलनेत रुपयाही. दोन शिलिंगांच्या जवळपास असलेला रुपया १८९४-९५ मध्ये एक शिलिंग एक पेनीच्या घरात आला. त्याआधीच, जून १८९३ मध्ये, सरकारने टाकसाळी खासगी चांदीला बंद केल्या होत्या. चांदी घेऊन या आणि रुपये पाडून न्या, ही शतकांची सोय संपली. १८९८-९९ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर स्थिरावला.

पहिल्या महायुद्धानंतरच्या चढउतारानंतर चलनाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १८ पेन्सांची शिफारस केली. मुंबईचे कापूस व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी कमिशनमध्ये राहून १६ पेन्सांच्या बाजूने विरोधी मत नोंदवले. त्यांचे म्हणणे समजायला बऱ्हाणपूर-खानदेशातल्या कापसाचा हिशोब पुरे. लिव्हरपूलला पौंडभर किमतीचा कापूस विकला, तर १६ पेन्सांच्या दराने हाती १५ रुपये येत. १८ पेन्सांच्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै. कापूस तोच, गिऱ्हाईकही तेच, पण पौंडामागे पावणेदोन रुपयांच्या जवळपास खोट. विलायती कापड मात्र तेवढेच स्वस्त. ताव्हर्नियेच्या काळात शेकड्यामागे पाव-अर्ध्या रुपयावर सराफाशी घासाघीस करता येई. १८ पेन्सांच्या या दरावर बऱ्हाणपूरच्या आडत्याला बोलायला जागाच नव्हती.

१९२७ मध्ये कायदेमंडळात थोड्या मतांनी १८ पेन्सांचा दर मंजूर झाला. १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर उतरला, त्यामुळे दोघांमधला हा दर तसाच राहिला. तो मोडला ६ जून १९६६ रोजी. त्या दिवसापासून एका पौंडाला २१ रुपये पडू लागले.