भिंतीतील पितळ

जव्हारमधील जुन्या बंगल्यांपैकी एखाद्याच्या न्हाणीघरात अद्याप टिकून राहिलेल्या बाथटबाच्या भिंतीवर तीन मुठी दिसतात. त्यांपैकी एक गरम पाण्याची, एक थंड पाण्याची आणि मधली, पाणी खालच्या तोटीकडे जावे की वर शॉवरकडे चढावे याचा निर्णय करणारी. या मुठी, त्यांच्यामागच्या वाटोळ्या झाकण्या, तोटी आणि शॉवरची जाळी एवढाच या यंत्राचा दृश्य भाग होय. त्याचे खरे शरीर, म्हणजे पितळेचा ओतीव ठोकळा, टाइल्सच्या आणि गिलाव्याच्या आड, विटांत कायमचे बसविलेले असते, आणि ज्या गवंड्याने ते बसविले त्याच्यानंतर सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

ही रचना आपल्याकडील जुनी नव्हे. अंघोळीची आपली व्यवस्था तांब्याच्या बंबाची, घंगाळाची आणि दगडी मोरीची. तीत गरम आणि थंड यांचा मेळ तांब्याने आणि हाताच्या अंदाजाने घातला जाई. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्थानिकांचे वाडे, सरकारी विश्रामगृहे आणि सधन कुटुंबांची घरे यांतून विलायती धर्तीचा टब शिरला, आणि त्याच्याबरोबर हा मेळ भिंतीच्या पोटात घालून देणारा कॉक आला. जव्हारचे राज्य आकाराने लहान, परंतु चौदाव्या शतकातील जयबा मुकण्यांपासून 1948 च्या विलीनीकरणापर्यंत एकाच घराण्याकडे चालत आलेले. त्याचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे यांच्या अमदानीत जयविलास राजवाडा उभा राहिला आणि त्या डोंगरमाथ्यावरच्या गावाला नव्या राहणीचा परिचय झाला. राजवाड्याचे वर्णन अनेकांनी केले आहे; न्हाणीघराच्या भिंतीआडच्या या पितळेची दखल मात्र कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि म्हणूनच त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

याची क्रिया सरळ आहे. मूठ फिरवली की तिच्यातला दांडा, ज्याला कारागीर स्पिंडल म्हणतात, आट्यांवरून मागेपुढे सरकतो. त्याच्या टोकाचा वायसर पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबते, उचलला गेला की वाहते. दांड्याभोवती पाणी झिरपू नये म्हणून ग्लँडमध्ये दोरा भरलेला असतो. एवढ्या साध्या मांडणीत नासण्यासारखे फारच थोडे असते: वायसर झिजतो, दोरा सुकतो, बैठकीवर क्षार साचतो किंवा पाण्यातील रेतीने ओरखडे उठतात. यांतील प्रत्येक दोष भिंतीच्या बाहेरून, मूठ काढून, दूर करता येतो. बैठकसुद्धा लहानशा हत्याराने घासून पुन्हा सपाट करता येते. ज्याने ही योजना प्रथम केली त्याने दुरुस्तीची वाट आधीच राखून ठेवली होती, या गोष्टीचे मला फार मोल वाटते.

अडचण उद्भवते ती बाह्य साजाची. मुलामा उडतो, मुठी तडकतात, झाकणीच्या कडेने गंज उतरतो, आणि घरमालकाला ते सगळे जुनाट वाटू लागते. अशा वेळी भिंत फोडून नवे सामान बसवावे, ही सूचना तत्काळ येते, आणि ती मान्य केली की टाइल्स, गिलावा, जलरोधक लेप आणि कधी लोखंडी टबाचे स्थानांतर, असा खर्चाचा ओघ सुरू होतो. परंतु जव्हारला मी ज्या वयस्क नळकारागिराला काम करताना पाहिले, त्याने घरच्या आजींना पहिल्याच भेटीत सांगितले, “आजी, भिंतीला हात लावायचा नाही. आधी मुठी काढून आत काय आहे ते बघू या.” त्याने टाकीची चावी बंद केली, खालची तोटी उघडून नळीत उरलेले पाणी काढून टाकले, टबाच्या जाळीवर जाड फडके अंथरले, म्हणजे निसटलेला स्क्रू सांडपाण्यात जाणार नाही, आणि मग मुठीच्या मध्यावरची टिकली नखाने उचकटून तिच्याखालचा स्क्रू शोधला. वर्षानुवर्षे न उघडलेली मूठ दांड्यावर जणू ओतून बसवलेली असते. तिथे बळ उपयोगाचे नाही, तेल सोडून थांबणे उपयोगाचे. बळाने दांडा पिळला गेला तर भिंत न फोडण्याचा सारा मनसुबा तिथेच संपतो.

मूठ निघाल्यावर जे प्रकट होते तोच या प्रकरणाचा गाभा. दांड्याच्या टोकाला बारीक दाते असतात. त्यांची संख्या आणि टोकाचा व्यास प्रत्येक कारखान्याचा निराळा, त्यामुळे एका कंपनीची मूठ दुसऱ्या कंपनीच्या दांड्यावर बसेलच असे नाही. म्हणून जुना स्पिंडल खिशात घालूनच बाजार गाठावा लागतो. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वर या रस्त्याने नाशिक, नाही तर उलट दिशेने मुंबईची नागदेवी स्ट्रीट, हे त्याचे मार्ग; आणि तिथेही नग न मिळाल्यास पितळेच्या सुट्या भागांसाठी विख्यात असलेल्या जामनगरचा माल धुंडाळावा लागतो. तोटी आणि शॉवरची दांडी निवडताना आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे नळांचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, व्हिटवर्थने 1841 मध्ये सुचवलेल्या 55 अंशांच्या कोनाचे. अमेरिकन नळीचा कोन 60 अंशांचा. अर्ध्या इंचाच्या नळीवर दोन्हींत इंचाला 14 च आटे असल्याने परदेशाहून कोणी प्रेमाने आणलेली तोटी पहिले दोन फेरे निमूटपणे फिरते आणि मग पकडते किंवा गळते. नव्या झाकण्या मात्र जुन्या छिद्रांहून रुंद घ्याव्यात, म्हणजे सभोवारच्या टाइलचे तुटके कोपरेही झाकले जातात.

तीन मुठी काढून एकाच दांडीचा आधुनिक मिक्सर बसवावा, असा मोह पुष्कळांना होतो. अमेरिकेतील आल्फ्रेड मोएन या तरुणाचे हात 1937 मध्ये अनपेक्षित आलेल्या गरम पाण्याने पोळले, त्यातून एका मुठीच्या नळाची कल्पना त्याला सुचली आणि 1947 मध्ये तो बाजारात आला. शोध गुणाचा आहे, याविषयी शंका नाही. परंतु तो दाबाखालच्या पाण्यासाठी योजिलेला आहे. आपल्या बंगल्यांत पाणी गच्चीवरच्या टाकीतून उतरते. दहा मीटर उंचीला एक किलो दाब, या हिशेबाने शॉवरच्या तीन मीटर वर टाकी असेल तर जेमतेम तीस शतांश किलोचा दाब मिळतो, आणि अशा नळाच्या पोटातील कार्ट्रिजच्या अरुंद वाटांतून एवढ्या दाबाने शॉवरला धार येत नाही, केवळ पाझर येतो. जुन्या कॉकाची वाट रुंद आहे. या मुलखात, या टाकीखाली, तेच अधिक योग्य यंत्र आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि हा मुलूख पाण्याच्या बाबतीत सामान्य नव्हे. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते, दाभोसा धबधबा गर्जतो, आणि चैत्र-वैशाखात त्याच तालुक्यांतील पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत लागतात. मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे बांधलेले, 102 मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण 2014 मध्ये मुंबईच्या सेवेस रुजू झाले, आणि त्यातून दररोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी महानगराला पुरवण्याची तजवीज आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींतील टबांमध्ये पडणारे पाणी अंशतः याच डोंगरांचे. सेकंदाला एक थेंब गळणारा कॉक दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी वाया घालवतो. मोखाड्याच्या पाड्यावर त्या चार लिटरांसाठी एखादी मुलगी टेकडी उतरून विहिरीवर जाते. दोन रुपयांचा वायसर बदलण्याचे काम लांबणीवर टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

भिंत फोडावीच लागते, असा प्रसंगही येतो. पितळेतील जस्त पाण्याबरोबर हळूहळू निघून जाते आणि मागे तांबूस, सच्छिद्र, ठिसूळ धातू उरतो. ठोकळ्याचे आतले अंग असे लालसर दिसू लागले, किंवा शेजारच्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटली, तर नवा साज चढवणे म्हणजे दोष लपवणे ठरेल. तिथे विलंब न लावता कॉकच बदलावा, आणि शक्य तर टबाकडून नव्हे, पलीकडच्या खोलीच्या बाजूने भिंत उघडावी, म्हणजे टाइल्स वाचतात.

तशी वेळ नसेल तर उरलेले काम अर्ध्या दिवसाचे. नवा वायसर, ग्लँडमध्ये नवा दोरा, दांड्यावर थोडे ग्रीस, मग झाकणी आणि मूठ. झाकणीच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांना सिलिकॉन भरावे, खालची कड मात्र मोकळी सोडावी, कारण कधी काळी आत गळती झालीच तर पाण्याने बाहेर येऊन वर्दी दिली पाहिजे, भिंतीत मुरता कामा नये. जव्हारच्या त्या कारागिराने शेवटी जुना स्पिंडल फडक्याने पुसला, कागदात गुंडाळला, त्यावर दात्यांची संख्या आणि काम केल्याची तारीख लिहिली, आणि घराच्या कागदपत्रांच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी, ठेवायला आजींच्या हाती दिला.