चेहरा ओळखून उघडणारे दार

चेहरा ओळखून घराचे दार उघडणारी यंत्रणा अमेरिकेतल्या हौशी माणसाला आज सुट्या मिळणाऱ्या भागांतून स्वतः जोडता येते. एक छोटा संगणक, एक कॅमेरा, रिले नावाचा एक विद्युत-स्विच आणि विजेवर चालणारे कुलूप हा तिचा मुख्य ऐवज. संगणक म्हणून बहुतेक जण रास्पबेरी पाय वापरतात. हा ब्रिटिश आखणीचा संगणक 29 फेब्रुवारी 2012 रोजी 35 डॉलरला विक्रीस आला आणि पुढच्या वर्षी त्याला जोडायचा कॅमेराही निघाला. लिमोर फ्राइड यांनी 2005 मध्ये सुरू केलेल्या ॲडाफ्रूट या न्यूयॉर्कच्या कंपनीने मग मालकाचा चेहरा दिसताच उघडणाऱ्या पेटीची पूर्ण कृतीच प्रसिद्ध केली. दाराची यंत्रणा तत्त्वतः त्या पेटीहून वेगळी नाही. फरक पडतो तो चूक झाल्यास मोजाव्या लागणाऱ्या किमतीत.

कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात चेहरा नेमका कुठे आहे, हे संगणकाला आधी शोधावे लागते. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी 2001 मध्ये यावर जलद रीत सुचवली. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा काळसर असतो, नाकाचा दांडा दोन्ही बाजूंपेक्षा उजळ असतो, अशा साध्या उजेड-सावलीच्या फरकांवरून ती चेहरा हेरते. जिथे चेहरा नाही तो भाग पहिल्या काही तपासण्यांतच बाद होतो, म्हणून स्वस्त संगणकावरही ती चालते. इंटेलमध्ये 1999 साली सुरू झालेल्या ओपनसीव्ही या मोफत प्रणालीत ही रीत तयार मिळते.

चेहरा सापडला की तो कोणाचा हे ठरवायचे. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात वुडी ब्लेडसो यांनी छायाचित्रांवरच्या डोळ्यांच्या आणि ओठांच्या कडा माणसाकडून हाताने नोंदवून घेतल्या आणि त्यांच्यातली अंतरे संगणकाकडून ताडून पाहिली. 1991 मध्ये एमआयटीच्या मॅथ्यू टर्क आणि ॲलेक्स पेंटलँड यांनी हाताची नोंद वगळून संपूर्ण चित्राचेच गणित मांडले. ॲडाफ्रूटच्या पेटीत हीच पद्धत होती, पण उजेड बदलला की ती गडबडते. आता वापरात असलेली कृत्रिम जाळी (न्यूरल नेटवर्क) लाखो चेहरे पाहून तयार झालेली असतात. डेव्हिस किंग यांच्या डीलिब या मोफत संचातले जाळे प्रत्येक चेहऱ्याचे 128 आकड्यांत रूपांतर करते. एकाच माणसाच्या दोन छायाचित्रांचे आकडे एकमेकांच्या जवळ येतात, दोन वेगळ्या माणसांचे दूर राहतात. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाची थोडी छायाचित्रे दिली की पुरते, जाळे नव्याने शिकवावे लागत नाही.

जवळ म्हणजे किती जवळ? सगळ्या यंत्रणेची मेख इथे आहे. डीलिबमध्ये रूढ मर्यादा 0.6 आहे, अंतर त्याहून कमी असेल तर माणूस एकच, असे धरतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेने 2007 मध्ये जमवलेल्या 13,233 छायाचित्रांच्या प्रसिद्ध संग्रहावर या जाळ्याने 99.38 टक्के अचूकता दाखवली. पण ती छायाचित्रे मुख्यतः बातम्यांतल्या माणसांची आहेत. घराच्या पायरीवर मागून ऊन येते, हिवाळ्यात टोपी आणि मफलर असतो, संध्याकाळी उजेडच नसतो. लहान मुलांच्या बाबतीत तर हे जाळे 0.6 वर सहज गोंधळते, एका भावंडाला दुसरे समजते. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मापन संस्थेला डिसेंबर 2019 च्या अहवालात आढळले, की अनेक प्रणाली आशियाई आणि आफ्रिकन-अमेरिकन चेहऱ्यांच्या बाबतीत परक्याला ओळखीचा ठरवण्याची चूक गोऱ्यांच्या तुलनेत 10 ते 100 पट जास्त करतात. भारतीय वंशाच्या कुटुंबाने म्हणूनच मर्यादा ठरवताना स्वतःच्या घरातल्या चेहऱ्यांवर चाचणी घ्यावी, छापील आकड्यावर विसंबू नये.

मर्यादा कमी केली तर मालक बाहेर अडकतो, वाढवली तर परका आत येतो. दाराच्या बाबतीत पहिली चूक पत्करावी आणि एका चित्रावर न थांबता सलग काही चित्रांत तोच माणूस दिसल्याशिवाय कुलूप हलवू नये. हाच पेच 2019 मध्ये सिॲटलमधल्या ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या मांजराच्या दारासाठी सोडवला होता. मांजराच्या तोंडात शिकार दिसली की दार बंद व्हावे म्हणून त्याने सुमारे 23 हजार छायाचित्रांवर जाळे शिकवले आणि निर्णय आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डामार्फत कुलपापर्यंत नेला.

आता वीज. रास्पबेरी पायच्या पिनवर 3.3 व्होल्ट आणि अगदी थोडा प्रवाह मिळतो, तर कुलपाला सामान्यतः 12 व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये रिले हवा आणि कुलपाला वेगळा वीजपुरवठा हवा. कुलपातल्या कॉइलचा प्रवाह तुटताना उलट दिशेने मोठा व्होल्टेज उसळतो. तो जिरवायला कॉइलला समांतर एक डायोड उलटा जोडतात. काही पिन संगणक सुरू होतानाच वरच्या पातळीवर असतात, तेव्हा दार क्षणभर आपोआप उघडणार नाही अशी पिन निवडावी. रिले आणि संगणक घराच्या आतच असावेत, बाहेर फक्त कॅमेरा. नाहीतर दोन तारा जोडून कोणीही दार उघडेल.

चौकटीत बसणारे विजेचे कुलूप स्प्रिंगच्या लॅचला वाट करून देते. अमेरिकी घरांत त्याच्या वर असलेला डेडबोल्ट, म्हणजे किल्लीने सरकणारा बिनस्प्रिंगचा खिळा, ते हलवत नाही. तो लावलेला असेल तर चेहरा ओळखूनही दार उघडत नाही. वीज गेल्यावर बंदच राहणारे कुलूप घराला योग्य, मात्र आतून हँडल फिरवून बाहेर पडता आलेच पाहिजे. आग लागली तर यंत्राची वाट पाहायला वेळ नसतो. किल्लीचे साधे कुलूपही काढू नये.

साध्या कॅमेऱ्याची मोठी उणीव ही, की त्याला खरा चेहरा आणि छापील फोटो यांतला फरक कळत नाही. समाजमाध्यमावरचा फोटो फोनवर दाखवूनही तो फसू शकतो. ॲपलने 2017 मध्ये फेस आयडी आणताना चेहऱ्यावर 30 हजारांहून अधिक अवरक्त ठिपके टाकून खोली मोजली, ती याचसाठी. हौशी यंत्रणेत डोळ्यांची उघडझाप तपासता येते, पण व्हिडिओ दाखवून तीही चकवता येते. खोली मोजणारा कॅमेरा घ्यावा, नाहीतर चेहऱ्याच्या जोडीला पिन क्रमांक ठेवावा.

दारासमोर येणारा प्रत्येक चेहरा घरच्यांचाच नसतो. इलिनॉय राज्याचा 2008 चा कायदा लेखी संमतीशिवाय चेहऱ्याची मापे गोळा करण्यास मनाई करतो आणि निष्काळजीपणाच्या प्रत्येक उल्लंघनासाठी 1,000 डॉलर, तर जाणूनबुजून केलेल्यासाठी 5,000 डॉलर भरपाई ठरवतो. ब्रुकलिनमधल्या अटलांटिक प्लाझा टॉवर्स या इमारतींत मालकाने किल्लीऐवजी चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवायचे ठरवले, तेव्हा भाडेकरूंनी संघटित विरोध केला आणि 2019 च्या अखेरीस मालकाने बेत सोडला. घरगुती यंत्रणेत संमती दिलेल्यांचेच 128 आकडे साठवावेत, पाहुण्याचे चित्र तुलना होताच पुसावे आणि काहीही इंटरनेटवर पाठवू नये. हे सगळे काम तो छोटा संगणक घरातल्या घरात करू शकतो.