तिकीट नंतर काढा, आधी विमान बघा!

स्वस्तातलं तिकीट कुठे मिळतं, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण ज्या विमानात आठ-दहा तास बसायचं, ते कुठलं? इथे मात्र आपली पाटी कोरी!

रविवारची दुपार. परळच्या चाळीतली आमची खोली. लॅपटॉप उघडा, बाजूला चहाचे कप. टोरांटोत ताईला बाळ झालंय आणि आई-बाबा आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार आहेत. स्क्रीनवर तीन तिकिटं, भाव जवळपास सारखेच. सवयीप्रमाणे मी सगळ्यात स्वस्त तिकिटावर क्लिक करणार, तेवढ्यात आईने विचारलं, "अरे, पण विमान कुठलं आहे?"

बोंबला! ऑफिसच्या कामासाठी महिन्यातून दोनदा बेंगळुरूला उडणारा मी, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. खरं तर उत्तर बुकिंग करतानाच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

दहा बाय बाराची खोली

देशातल्या देशात फिरताना बहुतेक वेळा आपल्या वाट्याला येतं एअरबस ए३२० नाहीतर बोइंग ७३७. दोन्हींत इकडे तीन सीटा, तिकडे तीन, मधे एकच वाट. मग फरक काय? ए३२०ची केबिन आतून साधारण १२ फूट रुंद. म्हणजे आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची लांबी! ७३७ त्याहून अर्धा फूट अरुंद. सहा जणांत वाटलं तर माणशी एक इंच. हसू नका, मधल्या सीटवर कोपर टेकायला जागा शोधणाऱ्याला विचारा.

मधली सीटच नको? मग एटीआर ७२. पंख्यांचं छोटं विमान, दोन-दोन सीटा, चढायचं मागच्या दाराने. वरचे कप्पे लहान, पण जेटपेक्षा खालून उडत असल्यामुळे आकाश मोकळं असेल तर सह्याद्री मस्त दिसतो. ९ ऑक्टोबर २०२१ला सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ सुरू झाला, तेव्हा मुंबईहून हेच विमान गेलं होतं. रात्रभर एसटीत अवघडून गावी जाणाऱ्या आमच्या चाळीत त्या दिवशी दुसरा विषय नव्हता!

कळसूबाईची हवा

लांबच्या प्रवासाचा हिशोब मात्र वेगळा. बऱ्याच जुन्या विमानांत केबिनमधली हवा ८००० फुटांवर असते तेवढी विरळ होऊ शकते, म्हणजे सिमल्याच्याही वर. बोइंग ७८७ ड्रीमलायनर आणि एअरबस ए३५०मध्ये ती ६००० फुटांच्या आसपास ठेवतात, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जरासं वर. या विमानांचा बराचसा सांगाडा कार्बन फायबरचा असतो. तो गंजत नाही, त्यामुळे आत दमटपणाही थोडा जास्त ठेवता येतो. घसा कमी सुकतो, उतरल्यावर डोकं कमी जड होतं. साठी-सत्तरीच्या माणसांना हे जाणवतं.

बाबांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न, "आवाज किती?" बाबा गिरणीत साचेखात्यात होते. तिथल्या खडखडाटाने त्यांचे कान कायमचे अधू झाले. ७८७ आणि ए३५० तुलनेने शांत आहेत. कुठल्याही जेटमध्ये पंखांच्या पुढची सीट घेतली तर इंजिनांचा आवाज कमी लागतो.

दुसरा प्रश्न त्यांनी जरा थांबून विचारला. "ड्रीमलायनर म्हणजे अहमदाबादला पडलं तेच ना?"

तेच. १२ जून २०२५. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. २०११ पासून प्रवासी नेणाऱ्या या विमानाचा तो पहिला जीवघेणा अपघात, हे मी त्यांना सांगितलं. पण आकडे सांगून भीती जात नाही. "तुमचं मन घेत नसेल तर नको," मी म्हटलं आणि पुढचं तिकीट उघडलं.

आईचा निकाल

पुढचं होतं एअरबस ए३३०. हवा कळसूबाईची नाही, पण सीटा दोन-चार-दोन! ७८७ आणि ए३५०मध्ये तीन-तीन-तीन, ७७७मध्ये हल्ली बहुतेक तीन-चार-तीन. म्हणजे दोघं गेले की शेजारी तिसरा आलाच. ए३३०त खिडकीकडे दोनच सीटा, दोन्ही आपल्या.

आईने क्षणात निकाल दिला. "हेच घे. गुडघ्यांमुळे मला सारखं उठावं लागतं. परक्या माणसाला दर वेळी कशाला उठवायचं? यांना उठवायची मला सवय आहे!"

बाबा हसले. तिकीट काढलं, स्वस्तापेक्षा थोडं महाग.

जाता जाता

बुकिंगच्या वेळी विमानाचं नाव वाचा, सीटांचा नकाशा उघडा. कंपनी ऐनवेळी विमान बदलू शकते, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एक नजर टाका. आणि सगळ्यात भारी विमान कुठलं, हे विचारू नका. त्यात बसणार कोण, ते आधी विचारा.