ऊ गोठ्यात नाही, अंगावर आहे

दिवाळी उलटून थंडी पडू लागली की म्हशी खांबाला, गव्हाणीला अंग घासतात. मानेवरचे केस झडतात. केस बाजूला सारले तर मुळाशी उवा आणि घट्ट चिकटलेल्या लिखा दिसतात. मग गोठ्याची जमीन औषधाने भिजवली जाते. हा उपाय गोचिडाचा आहे. गोचिडाची मादी रक्त पिऊन खाली पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. ऊ मात्र सारा जन्म जनावराच्या अंगावरच काढते. खाली पडलीच, तर थोड्या दिवसांत मरते. म्हणून औषध अंगावर लागायला हवे.

तेही एकदा लावून भागत नाही. लिखा औषधाला दाद देत नाहीत. त्या एक-दोन आठवड्यांत फुटतात. साधारण चौदा दिवसांनी दुसरी फवारणी टाळली, तर पहिलीचा खर्च वाया गेला असे समजा. गोठ्यातली सगळी जनावरे एकाच दिवशी घ्यावीत. फवारणीतून सुटलेले एक वासरू उवा पुन्हा सगळीकडे पोचवते. म्हैस भादरली तर काम निम्मे होते. कापलेले केस मात्र जाळून टाका.

जळगाव-धुळे कपाशीचा मुलूख. कपाशीवर मारून उरलेले औषध जनावरावर मारण्याचा मोह इथे होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. पिकाची काही कीटकनाशके कातडीतून किंवा चाटण्यातून शरीरात जातात. लाळ गळते, अंग थरथरते, जनावर दगावते. जळके ऑइल, रॉकेल हेही औषध नव्हे. त्याने कातडी भाजते.

इंजेक्शनने सगळे भागते, हेही अर्धेच खरे. आयव्हरमेक्टिन रक्त पिणाऱ्या उवांवर चांगले चालते, कोंडा खाणाऱ्या उवांवर तितके नाही. शिवाय त्याचा अंश दुधात उतरतो.

उन्हाळ्यात उवा आपोआप घटतात. श्रेय मिळते शिमग्याच्या सुमारास लावलेल्या औषधाला!

गुरांच्या उवा माणसाच्या डोक्यात होत नाहीत. लम्पी चर्मरोगाचे भय वेगळे. 2022 च्या साथीतला राज्यातला पहिला लम्पीबाधित पशू ऑगस्टमध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला सापडला. तो रोग मुख्यतः चावऱ्या माश्या, डास, गोचीड पसरवतात. उवा मारल्या म्हणून लस चुकवू नका.

दवाखान्यात औषध मागताना जनावरे किती, त्यांत गाभण आणि दुभती किती, वासरे किती वयाची, हे आधी सांगा. औषध आणि मात्रा त्यावरच ठरते.