विश्लेषण : रेशन मोफत झाले, तरी ताट अपुरे का?

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे गावात (पूर्वीचा ता. वेल्हे) शनिवार-रविवार म्हणजे कमाईचे दिवस. चोर दरवाजाच्या वाटेने गड उतरणाऱ्यांना पिठलं-भाकरी हवी असते. त्या पैशांतून घरात तेल, डाळ, साखर येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, गड बंद झाले. पुण्या-मुंबईत कामाला गेलेले अनेक जण गावाकडे परतले. भातपट्ट्यातल्या घरांत खाणारी तोंडे वाढली आणि रोकड आटली.

तेव्हा काय मिळाले?

अन्नसुरक्षा कायद्यातील प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मिळतच होते. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो. एप्रिल २०२० पासून गरीब कल्याण अन्न योजनेतून आणखी ५ किलो मोफत मिळू लागले. मधला काही महिन्यांचा खंड सोडला तर हे डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. पाच जणांच्या घराला महिन्याला ५० किलो. कार्डामागे मिळणारी १ किलो डाळ मात्र नोव्हेंबर २०२० नंतर थांबली.

मग कमी कसे झाले?

जानेवारी २०२३ पासून नेहमीचे ५ किलो मोफत झाले, जादाचे ५ किलो बंद. गाजावाजा 'मोफत'चा झाला. धान्य निम्मे झाल्याचे पिशवी उचलताना कळले. माणशी दिवसाला १६६ ग्रॅम. त्यातही ज्या घरांत स्वतःचा तांदूळ काही महिने पुरतो, तिथे ओढाताण डाळ, तेल, भाजीची असते. नेमके तेच दरमहा रेशनवर नाही. 'आनंदाचा शिधा' मिळाला तोही सणापुरताच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. नुसत्या तांदळा-गव्हाने तो हटत नाही.

कोण बाहेर राहते?

ग्रामीण भागात प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये. घरातल्या एकाने ३०० रुपये रोजाने वर्षात १५० दिवस काम केले, तरी ४५,००० होतात! शिवाय राज्याचा सुमारे ७ कोटींचा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. त्यामुळे नवी सून किंवा बाळाचे नाव कार्डावर चढले, तरी धान्य लगेच सुरू होईलच असे नाही.

काय करता येईल?

नाव वाढवण्याचा अर्ज तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करावा. सुनेचे नाव आधी माहेरच्या कार्डावरून कमी करावे लागते. कामासाठी पुण्यात राहणाऱ्याला तिथल्या दुकानातूनही अंगठा लावून धान्य उचलता येते. दुकानदाराने कमी धान्य दिल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.